तिसरा रकाना

खेचर नदीच्या मधोमध थांबलं होतं, आणि त्याच्यावर बसलेला तरुण त्याला चांगल्या शुद्ध लॅटिनमध्ये समजावून सांगत होता.

"हे बघ, मागे फिरलास तरी तेवढंच पाणी आहे. पुढे गेलास तरी तेवढंच. मग पुढेच का जाऊ नये?"

खेचराला मुद्दा पटलेला दिसत नव्हता.

मी सहा घोड्या पाण्यावर आणल्या होत्या. दोन दिवसांच्या पावसाने क्लेन नदी फुगली होती. पाण्याला ओल्या मातीचा रंग आणि काठच्या पुदिन्याचा वास. मी काठावर उभी राहून त्या स्वाराला नीट पाहून घेतलं. ही माझी जुनी खोड. पागेत वाढलेल्या मुलीला समोर माणूस आला, तरी आधी त्याचे पाय, मान आणि डोळे तपासावेसे वाटतात. याचे पाय लांब, पण गुडघे खेचराला घट्ट आवळलेले – म्हणजे स्वार नव्हे. मान ताठ. बोटांना शाई. छातीशी कातडी पिशवी अशी कवटाळलेली, की मी बुडालो तरी चालेल, ही भिजता कामा नये. आणि डोळे... डोळ्यांचं मग बघू, म्हटलं.

"त्याला लॅटिन कळत नाही," मी ओरडले.

"मग याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं?"

"हाताने!"

मी तुमान गुडघ्यावर दुमडली, पाण्यात शिरले, खेचराचा लगाम धरला आणि ओढला. खेचराने माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि चालायला लागलं.

काठ दहा पावलांवर आला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करते आहे.

आम्हा ताइफाल लोकांत लग्न असंच लागतं. मुलीने मुलाच्या घोड्याचा लगाम धरायचा आणि त्याला वाहत्या पाण्यातून पार न्यायचं. पलीकडच्या काठाला पाय लागला, की तो तिचा – आणि त्या दिवसापासून आमच्यातला. तो आधी कोण होता, कुणाच्या पोटचा होता, हे कुणी विचारत नाही. मोडणंही तितकंच सोपं. त्याने एकट्याने त्याच उथळ उतारावरून परत नदी ओलांडायची, की संपलं. पुलावरून गेलेलं धरत नाहीत. पूल म्हणजे पाणी ओलांडणं नव्हे, पाणी चुकवणं.

लगाम सोडावा, तर हा बिचारा पिशवीसकट वाहून जाईल. धरावा, तर...

मी धरला. आणि वर पाहिलं, तर काठावर गुन्दा आत्या उभी. काखेत धुण्याचं गाठोडं, तोंडाचा आ झालेला. मग तो आ हळूहळू रुंद होत गेला आणि त्याचं हसू झालं.

"अगं रौदे," ती आमच्या भाषेत म्हणाली, "निदान घोड्यावरचा तरी बघायचास!"

"आत्या, गप्प बस. तो वाहून चालला होता."

"आमचे हेसुद्धा असंच म्हणाले होते. – या, या, जावईबापू!"

तो खाली उतरला. बुटांतून पाणी गळत होतं, पण त्याने आधी पिशवी उघडून आतली वही कोरडी आहे ना ते पाहिलं. मग मान वर केली. डोळे मधाच्या रंगाचे निघाले. माझ्या हिशेबात हे नव्हतं.

"मी एव्होदियस. पिक्तावी शहरातून आलोय, कचेरीतून."

"एवढं लांब नाव पाण्यातून वाहून आणायचं म्हणजे खेचर थकणारच."

तो हसला. "त्या बाई मला काय म्हणाल्या?"

"कारकून," मी म्हटलं. "आमच्या भाषेत कारकुनाला तसंच म्हणतात."

"मग बरोबर ओळखलं त्यांनी," तो म्हणाला. "मी तुमची नोंद करायला आलोय."

"आमची नोंद आहे. माणसं दोनशे चौदा, घोडे तीनशे दोन. कालपासून तीनशे तीन, एक शिंगरू झालंय."

"संख्या नकोय. मूळ हवंय."

"कुणाचं?"

"तुमचं. ताइफाल म्हणजे कोण? कुठून आलात?" तो बोलताना जरा चाचरला. "वरून हुकूम आलाय... वहीत दोनच रकाने आहेत. गॉथ आणि सार्मातियन. प्रत्येक नाव यातल्या एका रकान्यात गेलं पाहिजे. पुढच्या अमावास्येपर्यंत."

"आणि गेलं की?"

त्याने पिशवीचा बंद बांधला. सोडला. पुन्हा बांधला.

"गॉथांनी रोम लुटल्यापासून वरचे लोक घाबरलेत. सार्मातियन असतील ते इथेच राहतील. गॉथ ठरतील त्यांची जमीन आणि घोडे काढून घ्यायचे, आणि माणसांना वेगवेगळ्या प्रांतांत पाठवायचं. दहा-दहा, वीस-वीस करून."

नदीचा आवाज एकदम मोठा वाटला. माझ्या सहा घोड्या शांतपणे पाणी पीत होत्या. त्यांना कुठल्या रकान्यात घालणार, कुणास ठाऊक.

*

फुगलेल्या नदीमुळे तो रात्री गावातच राहिला. दुसऱ्या दिवशी अक्रोडाच्या झाडाखाली त्याने मेज मांडलं. सगळं गाव जमलं. माझे आबा, फार्गुल, पागेचे मुख्य, दोन्ही हात कमरेवर ठेवून बाजूला उभे राहिले. आदल्या दिवशीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ते माझ्याशी बोलत नव्हते, फक्त एकदाच म्हणाले होते, "खेचर धरत नाहीत. खेचराला ना आजी, ना नात. त्याच्यावर बसून आलेला माणूस कसा काय धरायचा?"

पहिले बसले थोरले काका ओसखार.

"काका, तुम्ही मूळचे कुठले?" एव्होदियसने बोरू शाईत बुडवला.

"डॅन्यूबचा."

"उत्तर काठचे की दक्षिण काठचे?"

"काठाचा कसा असेन? मी काय बेडूक आहे? डॅन्यूबवर माझं लग्न झालं. म्हणून मी डॅन्यूबचा."

"त्याच्या आधी कुठे होतात?"

"आधी मी अठरा वर्षांचा बिनलग्नाचा पोरगा होतो. ते कोण मोजतं?"

"बरं. तुमचे वाडवडील?"

"त्यांना विचार."

"ते वारले असतील ना."

"मग सुटले बिचारे."

मग गुन्दा आत्या बसली. ती पो नदीची, म्हणाली. एव्होदियसचा बोरू थांबला.

"पण तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण ना?"

"सख्खी. हा माझ्याआधी दीड वर्ष."

"मग ते डॅन्यूबचे आणि तुम्ही पोच्या कशा?"

"अरे बाळा, त्याची बायको घाईची होती. मी थांबले. तोपर्यंत आम्हाला इटलीत आणून टाकलं होतं. तिथे जी नदी होती तिच्यातून नवरा ओढला."

आणि माझे आबा, या दोघांचे सख्खे धाकटे भाऊ, निघाले ऱ्होनचे. एका आईची तीन मुलं, तीन मुळं. एव्होदियसने बोरू खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. कपाळावर शाईचा डाग उमटला. तो मी त्याला संध्याकाळपर्यंत सांगितला नाही. छान दिसत होता.

"असं करू," तो म्हणाला. "तुम्ही बोलता गॉथांसारखं. तुमान घालता सार्मातियनांसारखी. घोडीचं दूध आंबवून पिता, ते तर हूणांसारखं..."

"आणि कारकुनाला जेवायला घालतो, ते रोमनांसारखं," आत्या म्हणाली. "जेव आधी. वाळून चाललायस."

शेवटी माझी पाळी आली. मी समोर बसले. त्याने वहीतून मान वर केली आणि उगाचच घसा साफ केला.

"नाव?"

"रौदिला. काल सांगितलं होतं."

"नियम आहे, विचारावं लागतं. मूळची कुठली?"

"अजून कुठलीच नाही," मी म्हटलं. "माझं लग्न व्हायचंय."

सगळं गाव एकदम खोकायला लागलं. कुणाला ठसका लागला, कुणाचं नाक शिंकरून होईना. आत्या मोठ्याने म्हणाली, "खोटं नको बोलू गं सरकारी वहीपुढे! क्लेनची लिही रे तिला, क्लेनची!" हशा उठला. आबा पाय आपटत पागेकडे निघून गेले.

"काय झालं?" एव्होदियसने मला विचारलं.

"काही नाही. आमच्या लोकांना वसंतात खोकला होतो."

त्याने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कळलं नाही, कारण मला मोजता येतं, वाचता येत नाही.

*

तो रोज यायचा. आणि रोज पुलावरून यायचा. पूल वरच्या अंगाला तीन मैलांवर, दगडी, जुना. उतारावरून आलं तर शहर जेमतेम तासाभरावर. पुलावरून अर्धा दिवस मोडतो. संध्याकाळी निघायचा तोही त्याच वाटेने. पाऊस थांबला, पाणी गुडघ्यावर आलं, नंतर पोटऱ्यांवर आलं, तरी हा गृहस्थ खेचरावर बसून सहा मैलांचा वळसा घालतोच आहे.

मी मनाशी नोंद केली: पाण्याला भितो. डोळे चांगले, पण पाण्याला भितो.

"आज तर कोंबडीसुद्धा चालत पार झाली," मी एकदा म्हटलं.

"कोंबडी धाडसी असेल," तो म्हणाला.

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण सांभाळून राहिलेलं बरं."

मी हसले. तोही हसला – जरा जास्तच वेळ. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माणसं ओळखण्याचा मला फार गर्व, त्यामुळे कळलं नाही.

दुपारी ऊन चढलं की तो पागेत यायचा. मी घोड्यांच्या आयाळी विंचरत असायची, तो दाराशी चाऱ्याच्या पेंढीवर बसायचा. एकदा त्याने माझ्या काळ्या घोडीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कुठली?"

"ही सुरमी. हिची आई भुरी, याच पागेतली. भुरीची आई चांदणी, ऱ्होनच्या वाटेवर झाली, तेव्हा बर्फ होतं. तिची आई वाघीण, पोच्या काठची, चावरी. तिची आई लांबकानी, ती डॅन्यूब पोहून आली. तिची आई..."

मी नऊ आज्या म्हणून दाखवल्या. प्रत्येकीचा रंग, खोड, जन्माचं ठिकाण. आमच्यात हे पाळण्यातच शिकवतात. संपवलं तेव्हा तो उठून उभा राहिला होता.

"नववी कुठली?"

"नववी चोरीची. गॉथांच्या दावणीतून सोडून आणलेली. आणि तिला लावलेला घोडा सार्मातियनांचा."

"विकत घेतलेला?"

"तोही चोरीचा. पण दुसऱ्या रात्री."

तो इतका हसला की सुरमीने कान मागे टाकले. मग हसता हसता थांबला.

"घोडीच्या नऊ पिढ्या तोंडपाठ. आणि स्वतःच्या आजोबांचं गाव माहीत नाही. असं कसं गं?"

"तू तुझ्या आजोबांचं सांग."

"माझे आजोबा कारकून, वडील कारकून, म्हणून मी कारकून. आमच्यात मुलाला दुसरं काही व्हायची मुभाच नाही, कायदा आहे तसा." त्याने बोटांवरची शाई चोळली. ती निघत नव्हती. "माझं मूळ मला पक्कं माहीत आहे, रौदिला. कुठल्या खोलीत, कुठल्या मेजापाशी मी मरणार, तेही."

मी फणी खाली ठेवली. काहीतरी चांगलं बोलावं असं वाटलं, पण मला चांगलं बोलता येत नाही, चिडवता येतं. म्हणून मी पदराने, म्हणजे अंगावरच्या शेल्याच्या टोकाने, त्याच्या कपाळावरचा आजचा डाग पुसला. त्याने श्वास रोखून धरला होता. मीही... पण माझं मी सांगत नाही.

*

अमावास्येला चार दिवस उरले तेव्हा रिमझिम लागली होती. तो पागेच्या छपराखाली आला आणि वही उघडलीच नाही.

"तुझे आबा म्हणतात, सगळ्यांना सार्मातियन लिही आणि मोकळा हो."

"मग?"

"मग... लिहितो. कुणी तपासणार नाही. तुम्ही सगळे इथेच राहाल. तूही इथेच राहशील." शेवटचं वाक्य त्याने खाली बघून म्हटलं.

मी दोन घागरी उचलल्या होत्या, त्या ठेवल्या.

"आज गॉथांशी बिनसलंय. उद्या सार्मातियनांशी बिनसलं, की?"

त्याने मिटलेल्या वहीवरून अंगठा फिरवला.

"तेव्हा दुसरा कुणी कारकून दुसरी वही घेऊन येईल. आणि तुझ्याच अक्षरात आम्ही सार्मातियन असू. एव्हो, दुसऱ्याच्या नावाच्या आडोशाला उभं राहिलं, की त्याच्यावर पडणारी काठी आपल्यावरही पडते."

"तू मला एव्हो म्हणालीस."

"विषय बदलू नकोस."

"नाही बदलत. पण म्हणालीस."

"अरे, आम्ही ताइफाल आहोत! आमच्या घोड्या चोरीच्या असतील, नाव चोरीचं नाही. तेच लिही."

"कुठे लिहू?" तो एकदम ओरडला. त्याला ओरडताना मी प्रथमच पाहत होते. "दोनच रकाने आहेत! तिसरा रकानाच नाहीये!"

"आखता येत नाही?"

छपरावरून पाणी ओघळत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. सुरमीने शेपटी हलवली.

"एक रेघ तर आहे," मी म्हटलं. "उभी. सरळ. तुझा हात कापत असेल तर मी पट्टी धरते."

"वही घोडदळाच्या सरदारापुढे जाते. त्याने शिक्का मारला नाही तर माझी नोकरी..." तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "माझी नोकरी जाईल."

जणू त्या वाक्यात काहीतरी सुखाचं आहे, हे त्याला आत्ताच ऐकू आलं होतं.

त्याने मेज ओढलं, वही उघडली. मी खरंच पट्टी धरली. आमची बोटं शेजारी शेजारी होती, पण रेघ सरळ आली.

संध्याकाळी मी आबांना सांगितलं. ते तासभर ओरडले. मी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हटलं, "आबा, सरदारापुढे मी जाणार आहे. सुरमीला घेऊन जाते."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"तर तुमचं खरं. पण आधी मी विचारणार."

आबांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग उठले आणि सुरमीचा चांगला लगाम, पितळी कड्यांचा, खुंटीवरून काढून माझ्यापुढे टाकला.

*

ठरल्या दिवशी मी उतारावरून नदी ओलांडली. आदली रात्र गावातच काढलेला तो पुलावरून वळसा घालून आला. पलीकडच्या वाटेवर भेटलो आणि शहरात गेलो.

कचेरीच्या ओट्यावर बराच वेळ थांबावं लागलं. वही माझ्या मांडीवर होती. रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून मी ओळी मोजल्या. बोट ठेवून, पानामागून पान. दोनशे पंधरा.

पुन्हा मोजल्या. दोनशे पंधरा.

आम्ही दोनशे चौदा आहोत. या शहाण्याने कुणालातरी दोनदा लिहिलं होतं! आता सांगावं तर आतून बोलावणं आलेलं. मी जीभ चावली आणि आत गेले.

सरदार पिकल्या केसांचा होता, एक पाय ताठ, पडून मोडलेला असणार. घोड्यावरून पडलेली माणसं मला आवडतात, निदान ती घोड्यावर बसलेली तरी असतात. त्याने वही चाळली आणि भुवया वर केल्या.

"हा तिसरा रकाना कुणी आखला?"

"मी," एव्होदियस म्हणाला.

"पट्टी मी धरली होती," मी म्हटलं.

सरदाराने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर बांधलेल्या सुरमीकडे. तिच्याकडे जास्त वेळ पाहिलं. "कुणाची ती?"

मी नऊ आज्या म्हणून दाखवल्या. चोरीसकट. त्याचा ओठ हलला.

"आणि तुझी आजी कोण?"

"सैपाक वाईट करायची, एवढं ठाऊक आहे."

"घोडीच्या नऊ पिढ्या येतात आणि स्वतःची एक येत नाही? मला मूर्ख समजतेस, मुली? तुम्ही लोक काहीतरी लपवताय."

एव्होदियस काहीतरी बोलणार होता. मी हाताने थांबवलं.

"साहेब, तुमच्या बाजारात मी दरवर्षी घोडे घेऊन येते. डावीकडे घोडे उभे असतात, उजवीकडे गुलाम. घोड्याची आई विचारतात, कारण घोडा विकायचा असतो. आणि गुलामाच्या गळ्यात पाटी असते, हा अमुक जातीचा, अमुक देशाचा... कारण तोही विकायचा असतो." मी एक पाऊल पुढे सरकले. "आमच्यात माणूस विकत नाहीत. म्हणून माणसाचं मूळ पाठ करत नाहीत. ज्याचा लगाम आम्ही धरला, तो आमचा. तुमच्या घोडदळात पस्तीस वर्षं तुमचाही आम्ही धरलाय. तुम्ही कुठले, हे कुणी विचारलं का?"

बाहेर सुरमीने खूर आपटला.

सरदाराने ताठ पाय सरळ केला आणि विचारलं, "तिसऱ्या रकान्यातले किती जण घोड्यावर बसू शकतात?"

"चालायला लागलेले सगळे," मी म्हटलं.

"एक सोडून," एव्होदियस पुटपुटला. मला वाटलं, तो आमच्या नुकत्याच जन्मलेल्या कुणा बाळाबद्दल बोलतोय.

सरदाराने मेण वितळवून आणायला सांगितलं. शेवटच्या ओळीखाली शिक्का उमटला. "वरच्यांना मी कळवतो," तो म्हणाला. "गॉथ हलवा, सार्मातियन ठेवा, असं लिहिलंय. ताइफालांचं काही लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते मी करत नाही. – आणि तुला, कारकून, उद्यापासून इथे येण्याची गरज नाही. रेघा आखणारा माणूस मला कचेरीत परवडत नाही."

"आभारी आहे," एव्होदियस म्हणाला. इतक्या आनंदाने नोकरी गमावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

परतताना उन्हं कलली होती. उताराशी आलो. पलीकडच्या काठावर सगळं गाव उभं होतं. मी हात उंच केला आणि ओरडले, "राहिलो! सगळे राहिलो!" मग जो कल्लोळ झाला, त्यात ओसखार काकांचा आवाज फुटला, आत्याने कुणाचीतरी टोपी नदीत फेकली आणि आबा खाली बसले. नुसतेच बसले, गवतात.

मी सुरमीवरून उतरले.

"आता तुझं बघते. वहीत एक ओळ जास्त आहे."

"मोजल्यास?"

"दोनदा. दोनशे पंधरा. कुणाला दोनदा लिहिलंस? सरदाराने मोजलं असतं, तर सगळंच खोटं ठरलं असतं! एवढा शिकलेला माणूस, आणि..."

"चूक नाही ती, रौदिला."

"मग शेवटी कुणाचं नाव आहे?"

"तुझ्या नावाखालचं? एव्होदियस. रकाना तिसरा. मूळ, क्लेन नदी."

वारा पडला होता. पाण्यावर माश्या तरंगत होत्या... मी सुरमीच्या लगामाची पितळी कडी मोजत राहिले.

"रोमन माणसाला तुमच्यात लग्न करता येत नाही, कायदा आहे," तो म्हणाला. "पण ताइफालला येतं. आणि मी ताइफाल आहे, पहिल्या दिवसापासून. तूच तर लगाम धरलास."

"तुला... ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी. तुझ्या आत्याने जेवताना सांगितलं सगळं. आणि हेही, की त्या शब्दाचा अर्थ कारकून असा होत नाही." त्याचे डोळे हसत होते. "त्या म्हणाल्या, एकट्याने उतारावरून परत गेलास, की मोडलं. म्हणून..."

"म्हणून पूल!"

"रोज जाता-येता बारा मैल. खेचराने मला कधीच माफ केलेलं नाही."

आणि मी याच्याबद्दल मनाशी नोंद करून ठेवली होती: पाण्याला भितो. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी पागेत सगळ्यांना सांगत असते. मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही एकदम लपवता येईना.

"सांगितलं का नाहीस?"

"तू चुकून धरला होतास. मला वाटलं... एकदा तरी मुद्दाम धरशील." तो खेचरावर चढून बसला. गुडघे पहिल्या दिवसासारखेच आवळलेले. "मी खोळंबलोय. आज पुलावरून जायचं नाहीये."

"घोडा तरी आणायचास! आबा म्हणतात, खेचर धरत नाहीत."

"मी याच्यावरच आलो होतो. दुसरं जनावर आणलं, तर पहिला दिवस खोटा ठरेल."

मी सुरमीला मोकळी सोडली. ती आमची वाट न बघता पाण्यातून सरळ घरी निघाली. मी तुमान दुमडली, पाण्यात पाय घातला आणि हात पुढे केला. या वेळी घाई केली नाही. आधी त्याच्याकडे नीट पाहिलं. पाय, मान, डोळे. मग लगाम धरला, घट्ट, पलीकडच्या काठावरून प्रत्येकाला दिसेल असा.

सगळे आबांकडे बघत होते. आबा गवतातून उठले, गुडघे झटकले, दाढी खाजवली.

"खेचर..." ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले. "खेचर चालेल!"

आम्ही निघालो. नदीच्या मधोमध, त्याच जागी, खेचर थांबलं.

मी ओढलं. ते हललं नाही. आत्या काठावरून ओरडत होती, ओसखार काका हात हलवत होते, पाणी माझ्या गुडघ्यांभोवती वळसे घेत चाललं होतं.

"लॅटिनमध्ये समजावून बघू?" तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "उभं राहू दे त्याला थोडा वेळ."